एकशे चौदा तास

विम्याचा दावा कोर्टात गेला की दोन्हीकडचे वकील आधी घड्याळ काढतात. नुकसान किती, हा प्रश्न मागून येतो. आधी विचारतात: कोणाला, कधी, काय माहीत होते? दुकानाला आग लागली तर त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढे पाहून काम भागते. हिशेबतपासनीस, वकील, सल्लागार, कंपनीचे संचालक यांच्या व्यावसायिक जबाबदारीचा विमा वेगळ्या चालीने चालतो. तिथे चूक तीन वर्षांपूर्वीची असली तरी सहसा बिघडत नाही. तक्रार मात्र पॉलिसीच्या मुदतीत यावी लागते, आणि तक्रार येणार अशी चाहूल लागली तर विमा कंपनीला वेळेत कळवावे लागते. चाहूल लागूनही गप्प बसला आणि नवी पॉलिसी घेतली, तर त्या कागदाला रद्दीचा भाव.

म्हणून एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या बुडण्याचा हिशेब तासांतच मांडायला हवा. शेवटचा क्षण पक्का ठाऊक आहे. शुक्रवार, 11 नोव्हेंबर 2022, पहाटे साडेचारच्या सुमारास संस्थापक सॅम बँकमन-फ्रीडने कंपनीचा ताबा सोडला. एफटीएक्सचे ठाणे असलेल्या बहामातल्या नसाऊचे आणि न्यूयॉर्कचे घड्याळ एकच; आपले त्यांच्या साडेदहा तास पुढे. त्या पहाटेपासून मागे मोजत गेले की आपण एका रविवारी सकाळी पोचतो.

रविवार, 6 नोव्हेंबर. सकाळी पावणेअकरा. उरले 114 तास

बायनान्स या जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजचा प्रमुख चांगपेंग झाओ ट्विटरवर लिहितो की आमच्याकडे उरलेली सगळी एफटीटी नाणी आम्ही विकणार. बायनान्स ही एफटीएक्सची सुरुवातीची गुंतवणूकदार. 2021 मध्ये ती बाहेर पडली तेव्हा तिला सुमारे 210 कोटी डॉलरचा मोबदला मिळाला होता, आणि त्यातला काही भाग एफटीटीत होता. विक्रीचे कारण झाओने 'नुकतीच उघड झालेली माहिती' असे दिले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजले होते.

ती माहिती चार दिवसांपूर्वीची होती. 2 नोव्हेंबरला कॉइनडेस्क या क्रिप्टो-बातम्यांच्या संकेतस्थळाने अलामेडा रिसर्चचा ताळेबंद फोडला होता. अलामेडा ही बँकमन-फ्रीडचीच दुसरी कंपनी, क्रिप्टोची खरेदी-विक्री करणारी. 30 जूनला तिची मालमत्ता 1,460 कोटी डॉलर दिसत होती, आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा एफटीटीचा: 366 कोटींची मोकळी नाणी, शिवाय 216 कोटींची तारण ठेवलेली. हे एफटीटी एफटीएक्सनेच पाडलेले. वाण्याने आपल्याच दुकानाची कुपने छापावीत, ती भावाच्या नावावर ठेवावीत आणि भावाने तीच गहाण टाकून गावभर उधारी करावी, असा हा कारभार होता.

झाओच्या ट्विटनंतर पाव तासात अलामेडाची प्रमुख कॅरोलाइन एलिसन जाहीर उत्तर देते: नाणी विकायचीच असतील तर आम्ही प्रत्येकी 22 डॉलरने सगळी घेऊ. भाव टेकवण्यासाठी टाकलेला हा डाव होता. पण बाजारात आकडा बोलून दाखवणे म्हणजे दुखरी जागा दाखवणे. 22 च्या खाली गेले तर यांचे कंबरडे मोडते, हे त्या दिवशी ज्याला त्याला कळले.

एफटीएक्स समूहाचे 2021 चे हिशेब दोन संस्थांनी तपासले होते. अमेरिकी शाखेचे आर्मानिनो या संस्थेने, आणि एफटीएक्स डॉट कॉम या मुख्य एक्स्चेंजचे प्रेगर मेटिस या संस्थेने. व्यावसायिक विम्याच्या पॉलिसीत 'परिस्थितीची सूचना' नावाचे एक कलम असते. दावा आलेला नाही, पण येऊ शकेल असे कारण दिसते आहे, तर ते लेखी कळवा. पुढे दावा कधीही आला तरी तो आजच्या पॉलिसीवर धरू. ताळेबंद फुटला की लेखापरीक्षकाने पहिले पत्र विमा कंपनीला टाकायचे असते, वर्तमानपत्राला खुलासा नंतर.

सोमवार, 7 नोव्हेंबर. सकाळी साडेसातनंतर. उरले 93 तास

बँकमन-फ्रीड ट्विट करतो: एफटीएक्स ठीक आहे, मालमत्ता ठीक आहे. एक स्पर्धक खोट्या अफवा उठवतो आहे. आम्ही ग्राहकांची मालमत्ता गुंतवत नाही, सरकारी रोख्यांतसुद्धा नाही. हे ट्विट नंतर काढून टाकले गेले. पुढे त्याच्यावर चाललेल्या फसवणुकीच्या खटल्यात ते पुरावा म्हणून पडद्यावर आले.

एफटीएक्सच्या तोंडी 'सुरक्षित' हा शब्द नवा नव्हता. ऑगस्टमध्येच अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाने एफटीएक्सच्या अमेरिकी शाखेला पत्र पाठवून बजावले होते की तुमच्याकडच्या पैशाला सरकारी ठेव विमा आहे असा समज पसरवू नका. शाखेच्या प्रमुखाने तशा अर्थाचे ट्विट केले होते. पत्र आले, ट्विट गेले, धंदा चालू राहिला.

आणि खुद्द एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर 'विमा निधी' असा एक आकडा झळकत असे. कोणी कर्जाने केलेला सौदा अंगावर आला, तर बाकीच्यांचे नुकसान या निधीतून भरू, असे आश्वासन. रोज आकडा थोडा वाढायचा. सहसंस्थापक गॅरी वांगने ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयात शपथेवर सांगितले की तो आकडा खरा नव्हता. दिवसाची उलाढाल घ्यायची, तिला साडेसात हजारांच्या आसपासच्या यादृच्छिक संख्येने गुणायचे, शंभर कोटींनी भागायचे आणि येईल ती वाढ दाखवायची. संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या दोन-चार ओळी. इतका स्वस्त विमा आजवर कोणी उतरवला नसेल.

वांगच्या साक्षीतला दुसरा भाग जास्त गंभीर. अलामेडाच्या खात्याला शिल्लक उणे करण्याची मुभा 2019 पासून प्रणालीतच घातलेली होती. पुढे तिची मर्यादा 6,500 कोटी डॉलरपर्यंत वाढवली. इतर ग्राहकाचे तारण कमी पडले की यंत्र आपोआप त्याचा सौदा मोडत असे. अलामेडाचा मोडत नसे. विम्याच्या प्रस्ताव अर्जावर असा प्रश्न असायला हवा होता: तुमच्या मालकाच्या दुसऱ्या कंपनीला काही खास सवलत आहे का? विम्याचा सगळा डोलारा परम सद्भावनेच्या तत्त्वावर उभा असतो. उतरवणाऱ्याने जे माहीत आहे ते न विचारताही सांगायचे. बँकांना हा प्रश्न कायद्यानेच विचारला जातो, कारण बँकेने मालकाच्या घरात कर्ज किती द्यावे याचे नियम आहेत. क्रिप्टो एक्स्चेंजला असा नियमच नव्हता, मग अर्ज छापणाऱ्याने प्रश्न कुठून आणायचा?

मंगळवार, 8 नोव्हेंबर. सकाळी साडेसहानंतर. उरले 70 तास

पैसे काढण्याच्या विनंत्यांचा ढीग. बहात्तर तासांत सुमारे 600 कोटी डॉलर मागितले गेले, असे बँकमन-फ्रीडनेच कर्मचाऱ्यांना कळवले. एरवी दिवसाला काही कोटींची ये-जा असायची. सकाळी पावणेसातच्या आत इथेरियम या ब्लॉकचेन साखळीवरून एफटीएक्सचे पैसे बाहेर जाणे थांबते. घोषणा नाही. साखळीचे व्यवहार जगाला दिसतात, म्हणून ते बंद पडल्याचेही जगालाच आधी दिसले.

भारतात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, आणि त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होते. महाराष्ट्रात चंद्र ग्रस्तोदित उगवणार म्हणून लोक पूर्वेकडे बघत उभे. ग्रहणाचा मोक्ष पंचांगात मिनिटासकट छापलेला होता. एफटीएक्सच्या ग्राहकांना पुढची दोन वर्षे आपला मोक्षकाळ कळणार नव्हता.

ग्राहकांचे पैसे होते कुठे? सेवेच्या अटींत स्पष्ट लिहिले होते की मालमत्तेची मालकी सदैव ग्राहकाची. पण एफटीएक्सला सुरुवातीला बँक खातेच मिळेना, तेव्हा ग्राहकांचे डॉलर अलामेडाच्या अखत्यारीतल्या नॉर्थ डायमेन्शन नावाच्या कंपनीच्या खात्यात जमा होत. तिथून ते गुंतवणुकीत, कर्जफेडीत, घरांत आणि राजकीय देणग्यांत गेले. खड्डा सुमारे 800 कोटी डॉलरचा होता.

मंगळवार, सकाळी अकरा. उरले 65 तास

अकरा वाजून तीन मिनिटांनी बँकमन-फ्रीड जाहीर करतो की बायनान्सशी 'धोरणात्मक व्यवहार' ठरला आहे. थोड्या वेळाने झाओ सांगतो: इरादापत्र दिले आहे, बंधनकारक नाही, कागद तपासू. बाजार तासभर हुरळतो. मग लोकांच्या डोक्यात प्रकाश पडतो की जो कालपर्यंत अफवा पसरवणारा स्पर्धक होता, त्याच्याच दारात आज हात पसरण्याची वेळ आली. दिवस संपेस्तोवर 22 डॉलरचे एफटीटी पाच-सहा डॉलरवर येते.

संध्याकाळपर्यंत कंपनीच्या विधी आणि नियमपालन विभागांतले बहुतेक लोक राजीनामे देऊन मोकळे होतात. या घटनेची बातमी छोटीच झाली. मला ती त्या आठवड्यातली सगळ्यात बोलकी वाटते. ही माणसे पळाली ती पैसा बुडाला म्हणून नव्हे. व्यावसायिक माणसाला आपल्या सहीची किंमत कळते. ज्या कागदावर सही केली तो खोटा निघाला, तर उद्या प्रतिवादींच्या यादीत आपले नाव असेल, हे त्यांना दिसले.

पण प्रतिवादी म्हणून त्यांना कोणत्या मोजपट्टीने मोजणार? व्यावसायिक जबाबदारीचा सगळा कायदा एका कल्पनेवर उभा आहे: त्या जागी साधारण कुवतीचा, सावध व्यावसायिक काय करील? शल्यचिकित्सकाच्या बाबतीत हे शंभर-दीडशे वर्षांच्या निवाड्यांनी ठरले. लेखापरीक्षकाला मानके आहेत. क्रिप्टो एक्स्चेंजचा लेखापरीक्षक सावध म्हणजे नेमका कसा? साखळीवरच्या पाकिटाची चावी कंपनीकडे आहे हे त्याने कसे पडताळावे? चावी आज आहे, ती कालही होती याची खात्री कशी करावी? ग्राहकाचे नाणे आणि कंपनीचे नाणे एकाच पाकिटात असेल तर ते ताळेबंदात कोणत्या बाजूला लिहावे? या शेवटच्या प्रश्नाला अमेरिकेच्या रोखे आयोगाने मार्च 2022 मध्ये एका परिपत्रकाने उत्तर दिले: सांभाळायला घेतलेली नाणी देणे म्हणून दाखवा. ते उत्तर बँकांना इतके जाचक वाटले की जानेवारी 2025 मध्ये आयोगाने ते मागे घेतले. हिशेबाची मूळ पट्टीच अशी मागेपुढे होत असेल, तर चूक म्हणजे काय हे विमा कंपनी कशावरून ठरवणार? आणि चूक ठरत नसेल तर प्रीमियम कशाचा लावणार?

विमा कंपन्यांनी यावर दोन सोपे मार्ग काढले होते. एक, पॉलिसीत सरळ अपवाद टाकायचा: क्रिप्टोशी संबंधित कोणताही दावा वगळून. दोन, संरक्षण द्यायचे, पण थोडे आणि महाग. मोठी रक्कम कोणी एकटा घेत नाही, म्हणून थर रचतात. एफटीएक्सच्या घरातल्या पेपर बर्ड या कंपनीच्या संचालक-अधिकाऱ्यांच्या पॉलिसीचे थर पुढे कोर्टाच्या कागदांत दिसले: खालचे एक कोटी डॉलर बीझली आणि क्यूबीई यांचे, त्यावरचे पन्नास लाख सीएनए समूहातल्या कॉन्टिनेन्टल कॅज्युअल्टीचे. दीड कोटी. खड्डा आठशे कोटींचा.

बहामाने 2020 मध्येच डिजिटल मालमत्ता आणि एक्स्चेंजचा स्वतंत्र कायदा केला होता आणि एफटीएक्स तिथे नोंदलेली होती. त्यामुळे कायदाच नव्हता असे म्हणता येत नाही. कायदा होता, नोंदणी होती, दप्तर होते. मालकाचा दुसरा धंदा शेजारच्याच टेबलावर बसून ग्राहकांचा पैसा वापरतो आहे, हे त्या दप्तरात कुठे उमटले नाही.

बुधवार, 9 नोव्हेंबर. दुपारी चार. उरले 36 तास

बायनान्स अंग काढून घेते. कागद पाहिले, प्रकरण आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. बिटकॉइन 16 हजार डॉलरच्या खाली घसरतो. सिकोया कॅपिटल ही सिलिकॉन व्हॅलीतली नावाजलेली गुंतवणूक संस्था आपली 21 कोटींहून जास्त डॉलरची गुंतवणूक शून्यावर आणते.

विम्याच्या वकिलाला मात्र या दिवसातल्या दुसऱ्याच दोन घटना हव्या असतात. हाँगकाँगमध्ये एलिसनने अलामेडाच्या कर्मचाऱ्यांची बैठक घेतली आणि ग्राहकांचा पैसा वापरल्याचे कबूल केले. कोणाकोणाला माहीत होते असे विचारल्यावर तिने स्वतःखेरीज सॅम, गॅरी आणि त्यांचा सहकारी निषाद अशी नावे घेतली. एका कर्मचाऱ्याने बैठक ध्वनिमुद्रित केली. खटल्यात ती ज्यूरीने ऐकली. त्याच दिवशी बहामा शाखेचा सहप्रमुख रायन सालेम याने तिथल्या रोखे आयोगाला सांगितले की ग्राहकांची मालमत्ता अलामेडाकडे वळवली गेली आहे.

एकाच कंपनीत चौघांना माहीत होते, शेकडोंना नव्हते. संचालकांच्या विम्यात यावर एक नाजूक कलम असते, 'पृथक्करणा'चे. अर्ज भरणाऱ्याने खोटे लिहिले असेल तर त्याचे पाप सगळ्यांच्या माथी मारायचे, की प्रत्येकाचे ज्ञान वेगळे मोजायचे? कलम मजबूत असेल तर निर्दोष अधिकाऱ्याला वकिलाचा खर्च मिळतो. कच्चे असेल तर चौघांच्या मौनात पाचव्याची पॉलिसी बुडते. क्रिप्टो कंपन्यांना, मिळेल ती पॉलिसी पदरात पाडून घ्यायची सवय असल्यामुळे, अशा कलमांवर घासाघीस करायला कोणी बसत नसे.

गुरुवार, 10 नोव्हेंबर. सकाळी नऊनंतर. उरले 19 तास

बँकमन-फ्रीडची माफीनाम्याची लांबलचक ट्विटमाला. संध्याकाळी बहामाचा रोखे आयोग तिथल्या शाखेची मालमत्ता गोठवतो.

त्याच दिवशी जपानची वित्तीय सेवा यंत्रणा एफटीएक्स जपानला धंदा थांबवण्याचा आदेश देते. हा आदेश वाचताना इतर बातम्यांसारखाच वाटतो, पण त्याची पार्श्वभूमी वेगळी. टोकियोतले माउंट गॉक्स 2014 मध्ये बुडाले आणि जानेवारी 2018 मध्ये कॉइनचेकवर 50 कोटींहून जास्त डॉलरचा दरोडा पडला. दोन्ही धक्क्यांनंतर जपानने कायदा घट्ट केला. ग्राहकाचा पैसा न्यासात, ग्राहकांची 95 टक्के नाणी इंटरनेटला न जोडलेल्या पाकिटात, उरलेल्या पाच टक्क्यांच्या बदल्यात कंपनीने स्वतःची तितकीच नाणी वेगळी ठेवायची, आणि हे वेगळेपण दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचे. या नियमाने लेखापरीक्षकाच्या हाती एक साधा प्रश्न दिला: वेगळे आहे की नाही? हो किंवा नाही. त्या उत्तरावर सही करता येते आणि त्या सहीचा विमाही उतरवता येतो. एफटीएक्स जपानच्या ग्राहकांचे पैसे 21 फेब्रुवारी 2023 पासून निघू लागले. अमेरिकेतही समूहाची लेजरएक्स ही वायदा कंपनी, जिच्यावर तिथल्या वायदे आयोगाची नजर होती, दिवाळखोरीच्या अर्जाबाहेर राहिली आणि पुढे विकली गेली. मालक तोच आणि आठवडाही तोच.

शुक्रवार, 11 नोव्हेंबर. पहाटे साडेचार

वकिलांचा तगादा, रात्रभरची घालमेल, आणि सही. सूत्रे जॉन रे यांच्याकडे जातात. एन्रॉनच्या अवशेषांची विल्हेवाट लावणारा हाच माणूस. सकाळी डेलावेअरच्या न्यायालयात एफटीएक्स आणि शंभरावर संलग्न कंपन्यांचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल होतो. वर्षाच्या आरंभी 3,200 कोटी डॉलर मोल असलेली कंपनी.

रात्री नऊनंतर, दफ्तर नव्या माणसांच्या हाती येऊन एक दिवसही झाला नाही तोच, 40 कोटींहून अधिक डॉलरची नाणी पाकिटांतून अनधिकृतपणे बाहेर जातात. चोरीचा विमा, सायबर विमा आणि संचालकांचा विमा अशा तीन वेगळ्या पॉलिसी या एका रात्रीवर हक्क सांगू शकल्या असत्या आणि प्रत्येक विमा कंपनीने दुसरीकडे बोट दाखवले असते.

सहा दिवसांनी, 17 नोव्हेंबरला, रे यांनी न्यायालयात निवेदन दिले. माझ्या कारकिर्दीत अंतर्गत नियंत्रणाचा एवढा संपूर्ण ऱ्हास मी पाहिला नाही, असा त्याचा आशय. खर्चाच्या विनंत्या गप्पांच्या ॲपवर येत आणि वरिष्ठ इमोजी टाकून मंजूर करीत. बऱ्याच कंपन्यांत संचालक मंडळाची बैठकच झालेली नव्हती. प्रेगर मेटिसबद्दल रे यांनी कोरडेपणाने नोंदवले की ही संस्था आपल्याला परिचित नाही, तिच्या संकेतस्थळावर मात्र मेटाव्हर्समध्ये कार्यालय उघडणारी पहिली लेखापाल संस्था असा उल्लेख आहे. न्यायालयाच्या कागदांत विनोद क्वचित सापडतो, हा सापडला.

पुढचे हिशेब सावकाश आले. आर्मानिनोने डिसेंबर 2022 मध्ये क्रिप्टोची कामे सोडली. मझार्स या लेखापरीक्षण संस्थेने त्याच महिन्यात बायनान्ससह क्रिप्टो ग्राहकांसाठीचे 'राखीव मालमत्तेचे दाखले' देणे थांबवले. त्या दाखल्यांत किती नाणी आहेत ते दिसे, देणी किती ते पूर्ण कळत नसे. अमेरिकेतल्या लेखापरीक्षण नियामकाने मार्च 2023 मध्ये गुंतवणूकदारांना सावधही केले की हे दाखले म्हणजे लेखापरीक्षण नव्हे. रॉयटर्सने त्याच डिसेंबरात बातमी दिली की एफटीएक्सशी संबंध असलेल्या कंपन्यांना विमा कंपन्या संचालकांचा आणि व्यावसायिक चुकांचा विमा नाकारत आहेत किंवा आखडता घेत आहेत. नूतनीकरणाच्या वेळी लांबलचक प्रश्नावल्या येऊ लागल्या. प्रेगर मेटिसवर अमेरिकेच्या रोखे आयोगाने आरोप ठेवला की अलामेडाशी असलेल्या संबंधातली जोखीम संस्थेने समजूनच घेतली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये संस्थेने आरोप मान्य किंवा अमान्य न करता, दुसऱ्या एका प्रकरणासह, एकूण साडेएकोणीस लाख डॉलरवर तडजोड केली.

बँकमन-फ्रीडने ऑगस्ट 2023 मध्ये कॉन्टिनेन्टल कॅज्युअल्टीवर दावा लावला: खालचे दोन थर संपले, तुमचा थर माझ्या वकिलांचा खर्च देत नाही. लोकांना हसू आले, पण कायद्याच्या दृष्टीने प्रश्न पोरकट नव्हता. फसवणुकीचा अपवाद अशा पॉलिसीत सहसा अंतिम निवाड्यानंतरच लागू होतो. तोवर आरोपी हा विमाधारकच. 2 नोव्हेंबर 2023 रोजी, कॉइनडेस्कच्या बातमीला बरोबर एक वर्ष होत असताना, ज्यूरीने त्याला सातही आरोपांत दोषी धरले. मार्च 2024 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली. ग्राहकांच्या दाव्यांची किंमत अर्जाच्या दिवशीच्या भावाने धरली गेली, बिटकॉइनला 16,871 डॉलर. ऑक्टोबर 2024 मध्ये योजना मंजूर झाली तेव्हा बिटकॉइन साठ हजारांवर होता. कागदावर शंभराहून अधिक टक्के परतावा मिळूनही, ज्याची नाणी होती त्याला नाणी मिळाली नाहीत.

नियम लिहिणाऱ्यांनी मात्र या आठवड्याकडे नीट पाहिलेले दिसते. युरोपीय संघाच्या 'मिका' कायद्याचा 67 वा अनुच्छेद डिसेंबर 2024 च्या अखेरीस क्रिप्टो सेवा कंपन्यांना लागू झाला. ठरावीक भांडवल ठेवा, किंवा त्याऐवजी विमा दाखवा. विमा असेल तर किमान एक वर्षाचा, रद्द करायचा तर निदान 90 दिवस आधी सूचना. त्याने काय काय झाकले पाहिजे याची यादी दिली आहे: हरवलेली कागदपत्रे, दिशाभूल करणारी विधाने, हितसंबंधांचा संघर्ष टाळण्यातली कसूर, प्रणाली बंद पडणे, ग्राहकांची मालमत्ता सांभाळण्यातला घोर निष्काळजीपणा. वाचताना नसाऊतले ते पाच दिवस क्रमाने डोळ्यांपुढून जातात. शिवाय सांभाळणाऱ्याच्या चुकीने नाणे गेले तर जबाबदारी त्याची आणि मर्यादा नुकसानाच्या वेळच्या बाजारभावाची, हे त्याच कायद्याच्या 75 व्या अनुच्छेदात पक्के केले. विमा कंपनीला हवा असतो तो असा आकडा. हाँगकाँगच्या नियामकाने 2023 मध्ये परवान्यासाठी प्रमाणे ठरवली: जोडलेल्या पाकिटातल्या मालमत्तेसाठी शंभर टक्के आणि न जोडलेल्या पाकिटातल्या मालमत्तेसाठी पन्नास टक्के भरपाईची सोय. युरोपच्या 90 दिवसांच्या सूचनेचे मला थोडे हसू येते; 114 तासांत आटोपणाऱ्या धंद्याला ती कितपत पुरेल? तरी सूचना नियामकाच्या कानी पडेल, एवढे तिचे काम.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजने 18 जुलै 2024 रोजी उभा केला. 23 कोटींच्या आसपास डॉलरची नाणी एका पाकिटातून गेली. पाकिटाला सहा सह्या: पाच वझीरएक्सच्या, एक लिमिनल या सुरक्षा-सेवा कंपनीची. चोरीनंतर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. चूक कोणाच्या सहीत होती, हा अस्सल व्यावसायिक जबाबदारीचा वाद. तो ठरवायला मोजपट्टी कोणती? भारताने मार्च 2023 मध्ये क्रिप्टो कंपन्यांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आणले. त्याखालची नोंदणी ग्राहक कोण आणि पैसा कुठून आला हे विचारते, ग्राहकाचे नाणे वेगळे ठेवले आहे का आणि त्याचा विमा आहे का हे विचारत नाही. दोन महिन्यांनी, 3 मे 2023 ला, सनदी लेखापालही काही ठरावीक व्यवहारांसाठी त्याच कायद्याच्या कक्षेत आले: अशिलाच्या वतीने पैसा, रोखे किंवा इतर मालमत्ता हाताळली की त्या व्यवहाराची नोंद ठेवण्याचे आणि कळवण्याचे ओझे त्यांच्या खांद्यावर. क्रिप्टो कंपनीची कामे करणाऱ्या लेखापालाची जबाबदारी वाढली, ती झाकणाऱ्या विम्याची सक्ती आली नाही, आणि ग्राहकाचे नाणे वेगळे असल्याचे तपासून सही करायला जपानसारखा एक साधा प्रश्न अजून कोणी त्याच्या हाती दिलेला नाही.